मशीन वाजलं म्हणून खणायचं?

पाऊस उघडल्यावरचा रविवार होता. अहमदपूरकडून नांदेडला जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की एक जुनं गाव लागतं. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या राहतील. गावाच्या कडेला पांढरीचं टेकाड आहे. जुन्या वस्तीच्या राखेनं, शेणामातीनं, पडक्या भिंतींनी शेकडो वर्षांत चढत गेलेलं. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी, ती हीच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, माळवदावर टाकायची पांढरी माती लोक असल्याच टेकाडांवरून आणायचे.

माझ्यासोबत दोन पोरं होती. एक नांदेडला इंजिनिअरिंगला, दुसरा लातूरला बीएस्सीला. इंजिनिअरिंगवाल्याने मेसच्या पैशातून वाचवून ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला होता. कानाला हेडफोन, हातात खुरपं. मीही उत्साहाने गेलो होतो, हे आधीच कबूल करतो.

अडीच तासांत आम्ही अकरा खड्डे केले. मिळालं ते असं : बैलाचे दोन नाल, त्यातला एक अर्धा. गंजलेले खिळे नऊ. घमेल्याचा काठ. सायकलच्या चेनचा तुकडा. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. बिअरच्या बाटलीची दोन झाकणं. टॉर्चचा एक सेल. आणि बोराएवढा, एका बाजूने चेपलेला शिशाचा गोळा. शेळ्या घेऊन एक आबा तिथून चालले होते. थांबले. ‘काय घावलं का रं?’

‘नाही ना आबा. सगळं भंगारच हाय.’

‘मग खड्डे बुजवा. शेळीचा पाय मोडंल.’

आम्ही खड्डे बुजवले, भंगार बाभळीच्या झुडपात फेकलं आणि धाब्यावर जेवून परत आलो. त्या फेकलेल्या भंगाराबद्दलच आज लिहायचंय.

आधी हे मशीन करतं काय, ते समजून घेऊ. रीलवाले ते सांगत नाहीत. काठीच्या टोकाला जी गोल थाळी असते तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातला उलटसुलट वाहणारा प्रवाह जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतो. खाली धातू असला की त्यात छोटे प्रवाह गरगरायला लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. बारावीला मार्कांसाठी पाठ केलेला एडी करंट, तो हाच. यात एक गोम आहे. मशीनला सोनं ‘ओळखता’ येत नाही. वस्तू वीज किती चांगली वाहून नेते, ती लोखंडासारखी चुंबकाला दाद देणारी आहे का आणि अंदाजे केवढी आहे, एवढंच त्याला कळतं. म्हणून सोन्याची बारीक अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाची चांदी हे दोन्ही त्याला जवळपास सारखंच वाटतं. लोखंडाचा त्रास नको म्हणून सेटिंगमध्ये लोखंड बंद केलं, तर खिळ्याला खेटून पडलेलं नाणंही त्या खिळ्याबरोबर गप्प होतं.

त्यात आपली माती. मराठवाड्याची काळी जमीन बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली, त्यात लोहखनिजाचे चुंबकीय कण भरपूर. मशीन मातीलाच धातू समजून कुरकुरत राहतं. माती भाजली की हा गुण आणखी वाढतो. म्हणजे जिथे कधीकाळी चूल होती, भट्टी होती, घर जळालं होतं, तिथे काहीच पुरलेलं नसताना मशीन ओरडतं. आमच्या अकरा खड्ड्यांपैकी तीन खड्ड्यांत काहीच नव्हतं. फक्त लालसर भाजकी माती. तेव्हा आम्ही मशीनला शिव्या दिल्या. आज वाटतं, अख्ख्या दिवसातली सगळ्यात खरी बातमी मशीनने त्या तीन खड्ड्यांतच दिली होती.

ज्या देशांत हा छंद रुजलाय तिथली मुरलेली माणसं भंगाराने भरलेल्या जागेवर वैतागत नाहीत. छोटी थाळी लावतात, मुंगीच्या पावलाने चालतात. खिळे दाट लागायला लागले की त्यांना कळतं, इथे दार होतं, छप्पर होतं, माणसं राहत होती. आपल्याला मात्र दार नको असतं, हंडा हवा असतो.

हंड्याच्या नादाने काय होतं ते मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. ‘छावा’ सिनेमा फेब्रुवारीत आला. त्यानंतर काही दिवसांतच बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडच्या पायथ्याशी, माणसं रात्री टॉर्च लावून शेतं खणायला लागली. रस्त्याच्या कामातली माती त्या शेतांत टाकलेली होती आणि तिच्यात मोगलांची नाणी आहेत अशी बोलवा उठली होती. काहींच्या हातात मेटल डिटेक्टर होते. सकाळी उरले ते खड्डे. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असलं तरी महाराष्ट्राला लागूनच आहे, तिथल्या बाजारात मराठी सर्रास ऐकू येतं. त्यामुळे ‘ती लोकं तशीच’ म्हणून हसायची सोय आपल्याला नाही.

लातूरकरांना तर असीरगड परका वाटायला नको. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या मोहिमेत निजामाला नमवलं, आणि त्या तहात मराठ्यांच्या पदरात पडलेल्या किल्ल्यांत असीरगडही होता. उदगीर सोडून औसा-धारूरच्या दिशेने सरकणाऱ्या निजामी फौजेला मराठ्यांनी वाटेत गाठलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चालल्या, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण नेमकं कुठे? कुठल्या शिवारात? तोफखाना कुठल्या उंचवट्यावर होता? कागदपत्रं दिशा सांगतात, बांध सांगत नाहीत. बांध सांगू शकतं ते जमिनीतलं शिसं आणि लोखंड.

हे कल्पनेतलं नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नावाची रणभूमी आहे. १८७६ मध्ये लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी तिथे कस्टरच्या घोडदळाचा फडशा पाडला. पुढे शंभर वर्षं गोष्ट सांगितली गेली की कस्टरची माणसं शेवटपर्यंत फळी न मोडता लढली. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं, जमीन उघडी पडली आणि १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टरवाल्या हौशी लोकांनाच सोबत घेऊन अख्खं मैदान पिंजून काढलं. मशीन वाजलं की झेंडी रोवायची. मोजमाप झाल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. प्रत्येक बंदुकीच्या फायरिंग पिनची खूण काडतुसावर वेगळी उमटते, त्यामुळे एकच बंदूक मैदानात कुठून कुठे गेली हेही कळलं. सैनिकांची फळी लवकर कोसळली होती, असं त्या विखुरलेल्या काडतुसांवरून दिसलं. लाकोटा-शायेन म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या आणि गोऱ्यांनी कधी मनावर न घेतलेल्या आठवणी बऱ्याच अंशी खऱ्या निघाल्या.

मशीन तेच, आपल्या पोराच्या हातात होतं तसलंच. पण त्यांनी वस्तू उचलण्याआधी जागा लिहून ठेवली.

आता आमचा तो शिशाचा गोळा आठवा. बोराएवढा, एका बाजूने चेपलेला. जाळ्याला लावायचं शिसं असेल, किंवा आपटून चेपलेली ठासणीच्या बंदुकीची गोळी असेल. गोळी असेलच तर कुणी कुणावर झाडलेली, की नुसती शिकाऱ्याची? कळायला मार्ग नाही. तो कुठल्या खड्ड्यातून निघाला हे तिघांपैकी एकालाही आठवत नाही, आणि तो आता कुठल्या बाभळीखाली आहे तेही नाही. आम्ही काही चोरलं नाही, विकलं नाही. तरी जे करायला नको होतं ते पूर्ण झालं.

एवढ्याशा गोळ्याचं काय घेऊन बसलात, असं वाटत असेल तर दायमाबाद बघा. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ मध्ये झुडपाच्या मुळाशी खणताना एका गावकऱ्याला तांब्या-काशाच्या चार मूर्ती मिळाल्या. बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. देशातल्या सगळ्यात देखण्या प्राचीन धातुशिल्पांत त्यांची गणना होते. पण त्या शास्त्रीय उत्खननात, मातीच्या ठरावीक थरात मिळाल्या नाहीत. मग त्या उत्तर हडप्पा काळातल्या, चार हजार वर्षांच्या आसपासच्या, की बऱ्याच नंतरच्या? बरेच अभ्यासक पहिलं मानतात, काहींनी धातूचं रासायनिक पृथक्करण पाहून शंका घेतली. पन्नास वर्षं झाली, वाद पुरता मिटलेला नाही. दोष त्या माणसाचा नाही. त्या मूर्ती भट्टीत न जाता संग्रहालयात पोचल्या हेच मोठं. पण मातीचा थर एकदा विस्कटला की तो परत रचता येत नाही, कितीही मोठा शास्त्रज्ञ आला तरी.

आणि ‘भंगार’ धातूचं म्हणाल तर सातवाहन राजांनी शिशाची नाणी पाडली. पोटीनचीही पाडली, म्हणजे तांबं, शिसं, कथील यांची स्वस्त भेसळ. काळपट, ओबडधोबड. आजच्या पोराच्या हाती लागलं तर वॉशर समजून फेकेल. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी असल्या नाण्यांचा दीड हजारांच्या घरात साठा मिळाला. वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं समोर आली, जी पुराणांतल्या राजांच्या यादीत नव्हती. राजे परत मिळाले ते सोन्यामुळे नाही. कुणीतरी तो काळपट ढीग वितळवला नाही म्हणून.

मशीनला न वाजणाऱ्या गोष्टींचं काय, हा प्रश्न मला त्याहून जास्त छळतो. लातूरहून जवळ असलेलं तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे, इथला माल भडोचला आणि तिथून रोमकडे जायचा. तेरच्या टेकाडांतून वर आलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या, आज तिथलं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. कॉलेजची सहल औरंगाबादपलीकडे कुठे न्यायची असेल तर तिथे न्या. तिथल्या संग्रहातली सगळ्यात नावाजलेली वस्तू आहे हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती. इटलीत पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, तिथे मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी अभ्यासक तिची तुलना करतात. आता सांगा, हस्तिदंतावर कुठला डिटेक्टर वाजतो? मणी, खापर, जळके दाणे, हाडं, काहीच वाजत नाही. खिळ्यासाठी मारलेली कुदळ असल्या मूर्तीवर बसली, तर आपल्याला कळणारसुद्धा नाही की आपण काय फोडलं.

गुप्तधनाचा नाद मराठवाड्याला नवा नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात बायका आणि लहान मुलींचे जीव गेले, त्यामागे गुप्तधनाची हाव होती. जादूटोणाविरोधी कायद्यात २०१३ साली गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला तो उगाच नाही. आता मांत्रिकाच्या जागी मशीन आलं. बॅटरीवर चालतं, म्हणून ते वैज्ञानिक वाटतं. एक किलोमीटरवरचं सोनं दाखवतो म्हणणारे ‘गोल्ड लोकेटर’ विकणारे आणि लिंबू फिरवणारा बाबा यांत मला तरी फरक दिसत नाही. आपल्यासारखी साधी मशीनं नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर थोडी जास्त खोलीवर पकडतात. त्यापुढचा दावा करणाऱ्याला पैसे देऊ नका.

‘पण परदेशात तर चालतं की सर!’ हे बीएस्सीवाल्याचं म्हणणं. चालतं. ब्रिटनमध्ये शेतमालकाची परवानगी घेऊन लोक डिटेक्टर फिरवतात आणि मिळालेल्या वस्तू १९९७ पासूनच्या सरकारी योजनेत नोंदवतात. नोंदींचा आकडा दहा लाखांच्या पुढे केव्हाच गेला. पण तिथेच २०१५ मध्ये हेरफर्डशायरला दोघांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला आणि त्यांनी तो लपवून विकला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी तीसेक हाती आली. त्या थोड्या नाण्यांनीच इंग्लंडच्या दोन राजांच्या मैत्रीचा विसरलेला धडा उघड केला. बाकीची काय सांगणार होती, ते गेलं. २०१९ मध्ये दोघं तुरुंगात गेले.

आपल्याकडे तर कायदा १८७८ चा आहे, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! म्हणजे आता चहाचासुद्धा भाव तो. कळवलं आणि मालक म्हणून कुणी पुढे आलं नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश असा हिस्सा कायद्यातच आहे. सरकारला वस्तू स्वतःकडे हवी असेल, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन ती घ्यायची. लपवलं तर हिस्सा गेला, वर एक वर्षापर्यंत कैद. शिवाय कंधार, उदगीर, औसा, माहूर असे किल्ले, होट्टलची देवळं, खरोशाची लेणी असल्या ठिकाणी मशीन घेऊन जायचा विचारही करू नका. संरक्षित जागेत परवान्याशिवाय खणणं हा सरळ गुन्हा आहे. कायद्याबद्दल माझी तक्रार एकच. तो इतका जुना आणि इतका न सांगितलेला आहे, की गावात कुणाला त्यातला हिस्सा माहीत नाही, फक्त पोलीस माहीत आहेत.

एक जागा वेगळी. किल्लारी, सास्तूर आणि तिकडची जुनी गावठाणं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुमच्यापैकी कुणी पाहिलेली नाही, पण घरात कुणीतरी पाहिलीय. दगडाच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. नवी गावं दुसरीकडे वसली, जुन्या जागी दगड आणि झुडपं राहिली. त्या मातीत पितळी तांबे, ट्रंकांची कडी-कोयंडी, सायकलींची चाकं, पैंजण हे सगळं असणारच. ‘भूकंपाचं सोनं’ असल्या नावाची रील उद्या कुणी काढली तर? कायद्याने बघायचं तर शंभर वर्षांच्या आत पुरून ठेवलेल्या धनावर ते ठेवणाऱ्याला दावा करता येतो. पण इथे कायद्यापर्यंत जायचीच गरज नाही. ते पैंजण कुणाच्या पायातलं होतं, हे सांगणारी माणसं शेजारच्या नव्या गावात राहतात. त्या जागी मशीन घेऊन गेलेल्या पोराशी मला काही बोलायचं नाही.

बाकीच्यांशी बोलायचंय. ज्यांना खरंच जुन्या जागांची ओढ आहे, त्यांना पुढच्या पावसाळ्यानंतर भरपूर काम आहे, तेही मशीनशिवाय. पावसाने टेकाड धुतलं की वस्तू आपोआप वर येतात. शेजारी पेन किंवा स्केल ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, शेतमालकाचं नाव, तारीख वहीत लिहा. वस्तू जागेवर ठेवा. राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय नांदेडला आहे, तिथे कळवा, नाहीतर तहसीलदारांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर लवकर येईलच असं नाही. आलं नाही तर इतिहासाच्या सरांना गाठा. आणि हे काम पोटापाण्याचं करायचं असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, नागपूर विद्यापीठ आहे, दोन्हीकडे पुरातत्त्वाचं एम.ए. होतं.

आम्ही तिघं मागच्या महिन्यात परत त्या टेकाडावर गेलो. मशीन नेलं नव्हतं. इंजिनिअरिंगवाला तासभर बाभळीखाली वाकून शिशाचा गोळा शोधत होता. मिळाला नाही. काटे मात्र मिळाले. आबा होतेच शेळ्यांमागे. या वेळी बसले, तंबाखू मळली आणि हळूच म्हणाले, ‘आमच्या घराचा पाया काढताना एक घावलंय. देवळीत हाय. पर सरकारला सांगितलं तर घर जाईल ना बाबा?’

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, की नुसती वस्तू कळवली म्हणून घर किंवा शेत जात नाही. जागा संरक्षित करायची तर त्याची वेगळी नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत असते. आबांनी ऐकून घेतलं. पटलं असं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. आजवर त्यांना सरकारकडून जे काही कळलंय ते कुणीतरी घाबरवूनच कळवलेलं, माझ्या दोन वाक्यांनी ते कसं जाणार? बीएस्सीवाल्याने मोबाइलवर तो १८७८ चा कायदा काढला आणि तीन चतुर्थांशाचं कलम त्यांना मराठीत समजावून सांगायला लागला. आबांनी दोनदा विचारलं, ‘लिहून देतेत का तसं?’

देवळीतली वस्तू त्यांनी अजून दाखवलेली नाही. दिवाळी होऊन जाऊ द्या, मग या म्हणाले.